मूठभर दाण्यांचे वसतिगृह

सातारा शहरातील धननीच्या बागेत १९२७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २५ तारखेस एक साधा समारंभ झाला. महात्मा गांधी त्या दिवशी साताऱ्यास आले होते आणि भाऊराव पायगोंडा पाटील यांनी चालविलेल्या मुलांच्या वसतिगृहाचे नामकरण त्यांच्या हस्ते व्हावयाचे होते. वसतिगृहाला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नाव देण्यात आले. परकी सत्तेशी सलोखा राखून राज्य करणाऱ्या संस्थानिकाचे नाव त्या सत्तेविरुद्ध असहकार पुकारणाऱ्या पुढाऱ्याने एका वसतिगृहाला द्यावे, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पण त्या दिवशी पाहुण्यांचे लक्ष वेधून घेतले ते नावाने नव्हे, तर पंक्तीने. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत होती, एकाच चुलीवर शिजलेले अन्न एकाच पंक्तीत बसून जेवत होती. आपल्या आश्रमात जे पुरतेपणी साधले नाही ते येथे साधले आहे, अशा आशयाचे उद्गार गांधीजींनी काढल्याचे सांगतात.

पंक्तीचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. त्या पंक्तीत वाढलेली भाकरी कोठून येत होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की एक सांगितल्यावाचून दुसरी सांगता येत नाही.

गरीब विद्यार्थ्याचे पोट समाजाने भरावे ही कल्पना महाराष्ट्रास नवी नव्हती. माधुकरी मागून किंवा वार लावून शिकलेल्या माणसांची नावे गेल्या शतकाच्या आणि त्यापूर्वीच्या चरित्रांत पानोपानी आढळतात. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे सात वार जुळले की मुलाच्या जेवणाची आठवड्याची चिंता मिटे. त्यात यजमानास पुण्य मिळे आणि मुलास विद्या. अपमानाचे घासही त्या मुलांना पुष्कळदा गिळावे लागत, हे खरे. तथापि शिक्षणाचा खर्च अनेक घरांत थोडा थोडा वाटून देण्याची ती एक चांगली चाललेली रीत होती. तिच्यात उणीव एकच, आणि ती फार मोठी. ब्राह्मणाच्या मुलासाठी उघडणारे ते स्वयंपाकघर कुणब्याच्या मुलास उघडत नसे. महाराच्या मुलाची तर गोष्टच नको. शिवाय कुणब्याच्या आणि महाराच्या वस्तीत शिकावयास आलेल्या परगावच्या पोरास वार लावून जेवू घालण्याची चालच पडलेली नव्हती, कारण तेथून शिकावयास जाणारे पोरच नव्हते.

ही अडचण ओळखून कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी १९०१ पासून वसतिगृहांचा उपक्रम हाती घेतला. प्रथम व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, शिंपी अशा अनेक समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. या सर्वांची रचना साधारणपणे एकाच धर्तीची होती. महाराजांनी जागा द्यावी, इमारतीस साह्य करावे, वार्षिक नेमणूक बांधून द्यावी आणि उरलेला भार त्या त्या समाजाने वर्गणी गोळा करून उचलावा. जातीचा अभिमान ही त्या काळी समाजात सर्वांत अधिक भरलेली पेटी होती आणि महाराजांनी तिचेच कुलूप उघडले. आपल्या जातीच्या मुलांसाठी म्हटले म्हणजे कृपण सावकारही खिशात हात घालीत असे. या योजनेचा उपयोग निर्विवाद झाला. जातवार वसतिगृहांनी जातिभेद वाढतो असा आक्षेप तिच्यावर आला. परंतु मुलांना आधी छप्पर मिळणे अगत्याचे होते, आणि ते मिळाले.

कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले भाऊराव हे अशाच एका वसतिगृहातले विद्यार्थी. कोल्हापुरास शिकत असता ते जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते हजर राहिले आणि परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केली आहे. पुढे काही काळ त्यांना महाराजांचाच आश्रय मिळाला. जातीच्या वसतिगृहाचे छप्पर किती उबदार असते आणि त्याचे दार किती अरुंद असते, हे दोन्ही अनुभव या तरुणाने एकाच वयात घेतले.

ज्या ठिकाणी एखादा संपन्न दाता लाभला तेथे गोष्ट निराळी होती. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, आज ज्यास पालघर जिल्हा म्हणतात त्या मुलखात, डहाणूनजीक बोर्डी येथे गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल १९२० मध्ये निघाले. सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हे त्याचे नावच पारशी दातृत्वाची साक्ष देते. त्या शाळेच्या आधाराने आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक त्या भागात स्थिर झाले आणि त्यांचे काम पुढे आदिवासींपर्यंत पोहोचले. पण बोर्डीपासून दक्षिणेस तारापूर, दांडी, सातपाटीकडे येणाऱ्या त्याच किनाऱ्यावर प्रत्येक कोळीवाड्याला असा दाता कोठून मिळावा? जे किनाऱ्यावर, तेच देशावर. सातारा जिल्ह्याचा पूर्वभाग म्हणजे माण-खटावचा कोरडा टापू. तेथे शेठही नाही आणि पाऊसही नाही.

भाऊरावांनी उदरनिर्वाहासाठी साताऱ्यात शिकवण्या केल्या, नंतर किर्लोस्करांच्या कारखान्याचे लोखंडी नांगर विकण्याचे काम पत्करले. हे दुसरे काम त्यांच्या पुढील कार्याची खरी पूर्वतयारी ठरले, असे म्हणावयास हरकत नाही. लोखंडाच्या फाळाने जमीन विटाळते, नासते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. ती घालविण्यासाठी विक्रेत्याला बांधावर बसावे लागे, शेतकऱ्याची भाकरी खावी लागे, त्याच्याच भाषेत वाद घालावा लागे. नांगर खपविता खपविता गावोगावचे पाटील, कुळे, बलुतेदार यांची घरे भाऊरावांच्या ओळखीची झाली. कोणाच्या घरी किती माणसे, कोणाचे पीक कसे, कोण दिल्या शब्दास जागणारा, हे त्यांना पुस्तक पाहिल्यावाचून सांगता येऊ लागले. पुढे ज्या दारांत ते झोळी घेऊन उभे राहिले त्यांपैकी कित्येक दारे त्यांनी नांगराच्या निमित्ताने आधीच ओलांडलेली होती.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची आवड उत्पन्न करणे, गरीब मुलांना शक्य तो मोफत शिक्षण देणे आणि निरनिराळ्या जातींच्या मुलांत परस्परप्रेम वाढविणे हे तिचे उद्देश. काले, नेर्ले अशा गावी लहान वसतिगृहे निघाली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले.

येथेच पैशाचा खरा प्रश्न उभा राहिला. जातीच्या वसतिगृहास जातीची वर्गणी मिळते. ज्या वसतिगृहास जात नाही, त्याला वर्गणी कोणी द्यावी? मराठ्याने म्हणावे, महारांच्या पोरांसाठी आम्ही का द्यावे? जैनाने म्हणावे, ही पंक्तच आम्हांस मान्य नाही. सनातनी वृत्तीचा मनुष्य तर दारातूनच परत पाठवावयाचा. एका चुलीचा आग्रह धरताक्षणीच भाऊरावांनी त्या काळची एकुलती एक भरलेली पेटी स्वतःच्या हाताने बंद करून घेतली होती. त्यांना मागावयाचे होते ते कोणत्याही जातीकडे नव्हे, तर घराकडे. आणि घराकडे रोकड नव्हती. शेतकऱ्याच्या हाती पैसा यावयाचा तो सुगीनंतर, आणि तोही सावकाराचे व्याज व सरकारचा सारा भागला तर. घरात बारमाही असणारी वस्तू एकच: कणगीतला दाणा.

म्हणून मुष्टिफंड. घरच्या बाईने दळणासाठी धान्य काढताना त्यातले मूठभर बाजूस एका गाडग्यात टाकावे आणि साठलेले धान्य वसतिगृहास द्यावे, एवढीच ती योजना. हिच्यात नवे काही नाही असे वाटेल. देवाच्या नावाने मूठ काढून ठेवण्याची चाल घरोघर होतीच. महाराष्ट्रात याच सुमारास थेंबे थेंबे तळे साचविण्याचे दुसरेही प्रयोग झाले होते. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा जमवून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावी काचकारखाना निघाला. धोंडो केशव कर्वे यांनी मुरुडच्या मंडळींकडून मिळकतीच्या दर रुपयामागे एक पै या हिशेबाने मुरुड फंड जमविला होता. पण पैसा आणि पै देणारा हात बहुधा पुरुषाचा, नोकरदाराचा. गाडग्यात मूठ टाकणारा हात बाईचा होता. तिला नवऱ्याची परवानगी विचारावी लागत नव्हती, किंवा विचारली तरी मूठभर जोंधळ्यासाठी नाही म्हणणारा नवरा विरळा.

या मुठीची शक्ती किती, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक मूठ म्हणजे छटाकाच्या आतबाहेर. सोळा छटाकांचा शेर धरला तर महिन्याच्या तीस मुठींचे पावणेदोन शेरांवर धान्य होते. शंभर उंबऱ्यांच्या गावातून महिन्यास सुमारे पावणेपाच मण. वाढत्या वयाच्या मुलास दिवसास पाऊण शेर धान्य लागते असे धरले, तर त्या गावाने आपल्या पोटास चिमटा न लावता आठ मुले पोसली. शंभर उंबऱ्यांनी आठ मुले! हे गणित अर्थात कागदावरचे. प्रत्यक्षात दहा घरी गाडगे भरले तर चार घरी रिकामे असावयाचे. जोंधळा, बाजरी, नाचणी, कुळीथ असे सारे एकाच पोत्यात पडावयाचे. आणि दुष्काळाच्या साली, जेव्हा मुलांना वसतिगृहाची गरज सर्वांत अधिक, नेमके तेव्हाच गाडगे रिते राहावयाचे. मुष्टिफंडाने वसतिगृह चालले असे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे. मुष्टिफंडाने ते गावाचे झाले, हे अधिक खरे. ज्या घरातून मूठ गेली त्या घरास साताऱ्यातल्या त्या पोरांविषयी विचारण्याचा हक्क आला. आणि पुढच्या वर्षी आपलाही पोर तेथे धाडावा, हे धैर्यही आले.

गाडगी रिती राहत तेव्हा काय होई, याचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या चरित्रात आहे. भाऊरावांच्या या पत्नी सोवळे-ओवळे कडक पाळणाऱ्या घरात वाढलेल्या होत्या. सर्व जातींची मुले आपल्या स्वयंपाकघरात वावरणार, ही गोष्ट त्यांना एका दिवसात रुचली असेल असे समजण्याचे कारण नाही. पण हळूहळू त्या मुलांच्या 'वहिनी' झाल्या, जसे भाऊराव त्यांचे 'अण्णा' होते. मुलांचे आजारपण, वेणीफणीइतक्या निगुतीने केलेले कपड्यांचे ठिगळकाम, रात्री उशिरा आलेल्या पोरासाठी झाकून ठेवलेली भाकरी, हे सारे त्यांच्याकडे. अंगावरचे दागिने एकामागून एक सराफाकडे गेले. एके दिवशी वसतिगृहात दाणा उरला नाही आणि भाऊराव गावी नव्हते. तेव्हा त्यांनी मंगळसूत्र काढून दिले आणि मुलांची चूल पेटविली. सौभाग्यवती स्त्रीने पती हयात असता मंगळसूत्र उतरविणे म्हणजे काय, हे मराठी माणसास सांगावे लागत नाही. १९३० मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेचे मोठे दिवस त्यांनी पाहिले नाहीत.

सातासमुद्रांपलीकडे अशीच एक हकीकत घडून गेली होती. अमेरिकेतील अलाबामा संस्थानात बुकर टी. वॉशिंग्टन या गुलामीत जन्मलेल्या निग्रो शिक्षकाने १८८१ मध्ये टस्कीगी येथे शाळा काढली. इमारतीसाठी विटा विद्यार्थ्यांनीच पाडावयाच्या असे ठरले. एकामागून एक तीन भट्ट्या फसल्या. चौथ्या भट्टीसाठी पैसा नव्हता, तेव्हा वॉशिंग्टनने आपले घड्याळ पंधरा डॉलरांस गहाण टाकले. तेथेही एक सत्तरीची निग्रो वृद्धा, जिच्या आयुष्याचे उमेदीचे दिवस गुलामीत गेले होते, सहा अंडी घेऊन शाळेच्या दारी आली आणि मुलामुलींच्या शिक्षणास म्हणून ती देऊन गेली. घड्याळ आणि मंगळसूत्र, अंडी आणि जोंधळा: वस्तू देशपरत्वे बदलतात. पुढे वॉशिंग्टनला उत्तरेकडील धनिकांचे मोठमोठे साह्य मिळाले. भाऊरावांना तसे धनिक फारसे लाभले नाहीत.

म्हणून धान्याच्या जोडीस श्रम आले. वसतिगृहातील मुले दळण दळीत, स्वयंपाक करीत, शेतात राबत, खडकाळ जमीन फोडून लागवडीस आणीत, इमारतीसाठी दगडमाती वाहत. सकाळी कुदळ आणि दुपारी पुस्तक, असा तो दिनक्रम एखाद्या छावणीत शोभेल असा होता. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे घोषवाक्य भिंतीवर लिहिण्यासाठी सुचलेले नाही. ते जमाखर्चाच्या वहीतून निघालेले आहे. पुढे याच रीतीस 'कमवा व शिका' असे नाव मिळाले. यातही सर्व काही गोड नव्हते. दिवसभर राबलेला मुलगा रात्री दिव्यापुढे पेंगत असणार, आणि आईबापांना वाटत असणार की पोर शिकावयास धाडला, मजुरीस नव्हे. पण ज्या घरी तो परत जावयाचा होता तेथे मजुरी वाटच पाहत होती. तिच्याबरोबर पुस्तक मिळाले हा वसतिगृहाचा लाभ.

कामाचा व्याप वाढत गेला. पुणे कराराचे स्मारक म्हणून १९३२ मध्ये पुण्यास युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. गांधीजींच्या प्रेरणेने हरिजन सेवक निधीतून साताऱ्याच्या वसतिगृहास वर्षास ५०० रुपये मिळू लागले. १९३५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापन विद्यालय सुरू झाले, आणि तेथून बाहेर पडलेल्या तरुणांच्या बळावर डोंगरकपारीच्या गावांत शेकडो व्हॉलंटरी शाळा निघाल्या. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाले. या कॉलेजविषयी एक गोष्ट सातारा भागात आजही सांगतात. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली. अट एवढीच की कॉलेजास त्याच्या इच्छेचे नाव द्यावे. वडिलांचे नाव एक वेळ बदलीन, पण शिवाजीचे नाव बदलणार नाही, असे उत्तर भाऊरावांनी दिले आणि देणगी परत गेली. गोष्टीतला रकमेचा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढतो. पण ज्यास मुठीवर वसतिगृह चालविता आले, त्यालाच असे उत्तर परवडते, हे तिच्यातले मर्म कोणताही आकडा घातला तरी बदलत नाही.

त्या मर्माची परीक्षा लवकरच झाली. स्वातंत्र्य मिळाले आणि जिल्ह्याच्या राजकारणात नवे तट पडले. भाऊराव स्पष्टवक्ते, नव्या राज्यकर्त्यांविषयीची नापसंती ते लपवीत नसत. १९४८ मध्ये मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शाळा, त्यांतले शिक्षक, वसतिगृहांतली मुले, सर्वांचाच प्रश्न एका हुकुमासरशी रस्त्यावर आला. जी संस्था एखाद्या शेठच्या किंवा सरकारच्या पैशावर उभी असते तिला अशा वेळी दाराला कुलूप लावण्यावाचून गत्यंतर नसते.

साताऱ्यात कुलूप लागले नाही. शिक्षकांनी पगारावाचून काम चालू ठेवले. वृत्तपत्रांतून सरकारवर टीकेचा भडिमार झाला. गाडगे महाराजांसारख्या ज्या पुरुषाचा शब्द झोपडीपासून दिवाणखान्यापर्यंत मानला जाई, त्याने संस्थेचा पक्ष उघडपणे घेतला. गाडगे महाराजांनी स्वतः धर्मशाळा बांधल्या त्या लोकांच्या वर्गणीवर, हाती खापर आणि खराटा घेऊन. झोळीने उभारलेल्या संस्थेचे दुखणे त्यांना कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. आणि गावोगावची माणसे, ज्यांच्या आया-बहिणींनी पंचवीस वर्षे गाडग्यात मूठ टाकली होती, ती पुन्हा धान्य आणि पैका घेऊन पुढे आली. त्यांच्या दृष्टीने अनुदान सरकारचे बंद झाले होते. वसतिगृह त्यांचे होते.

वर्षभराच्या आतबाहेर सरकारने अनुदान पुन्हा सुरू केले. कऱ्हाड येथे १९५४ मध्ये संस्थेचे दुसरे कॉलेज निघाले, त्यास सद्गुरू गाडगे महाराज यांचे नाव देण्यात आले. शाहू बोर्डिंगात वाढलेले आणि विलायतेस जाऊन बॅरिस्टर झालेले पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भाऊरावांना १९५९ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण हा किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. अनवाणी पाय, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी अशा वेषात ते अखेरपर्यंत गावोगाव हिंडत राहिले होते, आणि पुष्कळ गावांतल्या म्हाताऱ्या त्यांना पाहताच काही न बोलता गाडगे आणावयास आत जात असत.